लिनक्सचा चित्रमय पडदा आणि मराठी अक्षरे

बुलडाणा जिल्ह्याच्या मोताळा तालुक्यातील रोहिणखेड या गावाचे नाव संगणकाच्या पडद्यावर शुद्ध उमटावे, ही अपेक्षा साधी वाटते. परंतु लिनक्स प्रणालीच्या आरंभकाळात त्यासाठी बरीच पूर्वतयारी करावी लागे. ती समजून घेतल्यास आजच्या संगणकाची रचनाही उलगडते.

पडद्याची रचना

लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ साली सिद्ध केलेला लिनक्सचा गाभा केवळ लेखी आज्ञांवर चालत असे. चित्रमय पडदा त्यावर थराथराने बसविला जाई. पहिला थर ‘एक्स विंडो’चा. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९८४ साली जन्मलेली ही यंत्रणा पडद्यावर रेखाटनाचे काम करते. दुसरा थर चौकटी उघडणे, हलविणे व मिटविणे यांचा. तिसऱ्या थरात सूची, चिन्हे व नित्योपयोगी साधने येतात. यासाठी १९९६ साली ‘केडीई’ व १९९७ साली ‘ग्नोम’ हे प्रकल्प सुरू झाले.

मांडणीचा क्रम

प्रथम चित्रकार्डाचा प्रकार, माऊसचा प्रकार आणि मॉनिटरच्या आडव्या व उभ्या वारंवारितेचे आकडे माहितीपुस्तिकेतून टिपून घेतले जात. हे आकडे ‘एक्सएफ८६कॉन्फिग’ या फाइलीत नोंदवावे लागत. अंदाजाने आकडे भरणे धोक्याचे होते, कारण चुकीच्या वारंवारितेने जुन्या मॉनिटरला इजा पोहोचू शकत असे. म्हणून आरंभी ६४० बाय ४८० ठिपक्यांचा लहान पडदा निवडून ‘स्टार्टएक्स’ ही आज्ञा देणे इष्ट ठरे. पडदा स्थिर दिसल्यावरच ८०० बाय ६०० कडे वळावे आणि सर्व सुरळीत झाल्यानंतरच चित्रमय प्रवेश कायम करावा, असा क्रम होता. घाई केल्यास यंत्र सुरू होतानाच अडखळे.

मराठीची कसोटी

‘रोहिणखेड’ या शब्दातील ‘हि’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘ह’च्या आधी दिसते, परंतु संगणक ती ‘ह’नंतर साठवितो. ही अदलाबदल करणारी व्यवस्था नसेल तर अक्षरे विस्कटतात. पूर्वी इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकृत्या बसविलेले टंक वापरले जात. तोच टंक नसलेल्या दुसऱ्या संगणकावर तो मजकूर निरर्थक चिन्हांत बदले. युनिकोड संकेतप्रणालीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला आणि २००२ च्या ‘ग्नोम २’ मधील ‘पँगो’ या घटकाने अक्षरजुळणीचा मार्ग सुकर केला. ‘इंडलिनक्स’च्या स्वयंसेवकांनी भारतीय भाषांतील रूपांतरास चालना दिली. पुढे २००७ साली सी-डॅकने भारतीय भाषांसह ‘बॉस’ ही लिनक्स प्रणाली उपलब्ध केली.

आज मॉनिटरची ओळख यंत्र स्वतःच पटवून घेते. अक्षरांची दक्षता मात्र कार्यालयांनी व शाळांनीच घ्यावयाची आहे. दाखला वा ठराव युनिकोडमध्ये लिहून तो दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावा. तेथे गावाचे व गावकऱ्याचे नाव जसेच्या तसे वाचता आले, तरच ती नोंद खऱ्या अर्थाने टिकाऊ झाली असे म्हणता येईल.