ऋतू हीच पहिली पाटी
(दीड ते तीन वर्षांच्या बालकांसाठी सुट्टीतील व ऋतुमानानुसार शिक्षण)

शिक्षणाचे महत्त्व आपल्या समाजाला नव्याने पटवून देण्याची गरज उरलेली नाही. पोटाला चिमटा काढून मुलांना शाळेत घालणारे आईबाप आज प्रत्येक वस्तीत आहेत. परंतु शिक्षण म्हणजे पाटी, पेन्सिल, फी आणि गणवेश एवढेच, असाही समज त्याबरोबर दृढ होत चालला आहे. त्यामुळे मूल अडीच वर्षांचे झाले न झाले तोच त्याच्या हातात पेन्सिल कोंबण्याची घाई सुरू होते. ही घाई मीही केली आहे. म्हणून हा लेख उपदेश म्हणून वाचू नये. चुकलेल्या पालकाने इतर पालकांसाठी व आपल्या विद्यार्थी बंधू-भगिनींसाठी लिहिलेले हे टिपण आहे.

मी बँकेत लिपिक आहे. जन्म धुळे जिल्ह्यातील पांझरेकाठच्या एका खेड्यात झाला, नोकरी जळगावात. थोरली मुलगी तीन वर्षांची असताना मी रोज संध्याकाळी तिला अंक गिरवायला बसवीत असे. ती ३ हा अंक सारखा उलटा काढी. एके दिवशी मी तिच्या हातावर फुटपट्टी मारली. ती रडली नाही, फक्त हात फ्रॉकमागे लपवून उभी राहिली. आज ती नववीत आहे, अभ्यासात बरी आहे, पण गणिताचा पेपर म्हटला की आदल्या रात्री तिचे जेवण सुटते. त्या फुटपट्टीचा आणि या भीतीचा संबंध आहे की नाही हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. माझ्या मनाला मात्र तो संबंध जाणवतो.

पुढे बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला. तो अडीच वर्षांचा झाल्यावर दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा सवयीप्रमाणे मी पाटी काढली. माझी आई ओट्यावर कापूस निवडत बसली होती. ती शाळेची पायरी कधी चढलेली नाही, जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात राबली. ती एवढेच म्हणाली, "भाऊ, तो पोऱ्या शे, बँकनं खातं नही." आणि तिने नातवापुढे दोन वाट्या ठेवल्या, एक सरकीसाठी, एक कापसासाठी. पोरगा किती तरी वेळ कापसातून सरकी ओढून काढीत बसला. मऊ इकडे, टणक तिकडे. ज्याला मी पाच मिनिटे एका जागी बसवू शकलो नव्हतो, तो उठायला तयार नव्हता. त्या दिवशी मी पाटी परत पिशवीत घातली.

ही कल्पना नवी नाही

आईने जे सहज केले त्यामागे शास्त्र आहे. डॉ. मारिया मॉन्टेसरी यांनी १९०७ साली रोम शहरातील गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले. लहान मूल हाताने शिकते, वस्तू हाताळता हाताळता त्याची बुद्धी उमलते, हा विचार त्यांनी जगापुढे ठेवला. आपल्याकडे गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे बालमंदिर सुरू केले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य महाराष्ट्रात आणले. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभे राहिले. बोर्डी तेव्हा ठाणे जिल्ह्यात होती, आता पालघर जिल्ह्यात आहे. तेथे अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांमध्ये गेले.

तेथील अनुभव आपण नीट समजून घेतला पाहिजे. मॉन्टेसरीची साधने महाग होती, ती पाड्यावर परवडणार नव्हती. मग त्यांनी बिया, खडे, शिंपले, पाने, काड्या हीच साधने मानली. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच 'अंगणवाडी'. जी मुले गुरे चारायला जात त्यांच्यासाठी कुरणातच शाळा भरवली, तिला 'कुरणशाळा' म्हणत. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र शासनाची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर पोहोचले.

परंतु अंगणवाडीतील पूर्वप्राथमिक शिक्षण तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी असते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पायाभूत टप्पा तिसऱ्या वर्षापासून धरला आहे. तेव्हा तीन वर्षांखालील मुलाची शाळा कोणती? वास्तविक पाहता घर, अंगण आणि शिवार हीच त्याची शाळा होय, आणि या शाळेत दर ऋतूला नवे पुस्तक येते. खानदेशाच्या मातीतील अशी काही 'पाने' पुढे देत आहे.

उन्हाळा

आपल्याकडचा उन्हाळा कडक. एप्रिल-मे महिन्यांत जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. म्हणून बाहेरचे खेळ सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावरच घ्यावेत. दुपार घरातली.

१) पाण्याचे चित्र : फरशीवर ओल्या बोटाने रेघ काढायला द्यावी. पाहता पाहता ती नाहीशी होते. मूल पुन्हा काढते. "पाणी कुठे गेले?" एवढेच विचारावे, उत्तराची घाई करू नये. यात बोटांना वळण लागते, आणि रेघ उलटी आली तरी कोणी रागावत नाही.

२) वाळवण : बिबडे, कुरडया, पापड, शेवया यांचे दिवस म्हणजे बालवाडीच. मुलाला कणकेचा एक गोळा द्यावा, त्याला लाटू द्यावे, थापू द्यावे. कुरडयांचा चीक थंड करून चाखायला द्यावा. सकाळी ओला असलेला पापड संध्याकाळी कडक झाला, हे त्याच्या हाताला कळू द्यावे. ओले-सुके, मऊ-कडक, गोल-लांब हे शब्द अशा वेळी न शिकवता येतात.

३) झोका : आखाजीला झोके बांधले जातात. मांडीवर घेऊन झोका देताना "वर-खाली", "हळू-जोरात" असे म्हणत गेल्यास शब्द आणि तोल दोन्ही एकदम साधतात.

४) चंद्र : वैशाख पौर्णिमेला आपण सारे सायंकाळी एकत्र येतोच. त्या रात्री मुलाला गच्चीवर नेऊन पूर्ण चंद्र दाखवावा. पुढे चंद्र रात्री उशिरा उगवू लागतो, म्हणून अमावास्येनंतरची कोर दिसली की तेव्हापासून रोज थोडा वेळ बाहेर यावे. "आज केवढा?" हा प्रश्न पंधरा दिवस चालतो. दोन वर्षांच्या मुलाला तिथी कळत नाही, पण वाढणे कळते.

५) जमिनीच्या भेगा : आपली काळी जमीन मे महिन्यात फाटते. शिवारात गेल्यास मुलाला त्या भेगा दाखवाव्यात, पण त्यांत हात घालू देऊ नये. पावसाळ्यात त्याच जागी पुन्हा न्यावे. भेगा मिटलेल्या असतात. माझ्या मुलाने "जमीन बरी झाली" असे म्हटले होते. मला वाटते, निरीक्षण याहून वेगळे नसते.

पावसाळा

मृग लागला की पहिल्या सरीनंतर लाल मखमली किडे बाहेर पडतात. ते चिरडू न देता नुसते पाहायला लावावे. लहान जिवाशी हळू वागावे हा धडा शब्दांनी देण्यापेक्षा असा दिलेला बरा.

अंगणात एक पेला ठेवून पावसाचे पाणी साठवावे आणि "काल जास्त की आज?" हे पेल्याकडे पाहून ठरवावे. फडक्यात मूग किंवा मटकी भिजवून बांधावी. एक-दोन दिवसांत मोड आलेले पाहून मुलाला जो आनंद होतो तो कोणत्याही खेळण्याने होत नाही. करवंटीत माती घालून त्यातले चार दाणे पेरावेत, पाणी घालण्याचे काम त्याच्याकडे सोपवावे. विसरला तर आठवण द्यावी, रागावू नये.

पोळ्याच्या सुमारास काळ्या मातीचे बैल करतात. आपली माती चिकट, ती हातात चांगली धरते. मुलाचा बैल बैलासारखा दिसणार नाही, तो सुधारायला जाऊ नये. माती मळण्यात मनगट आणि बोटे बळकट होतात, आणि हीच बोटे पुढे पेन्सिल धरतात.

धुळ्याच्या वाचकांना सहलीसाठी लळिंग जवळ आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्यास आले असता तेथील लांडोर बंगल्यात थांबले होते, म्हणून दरवर्षी त्या दिवशी लोक तेथे जमतात. मोठ्यांसाठी तो स्मरणाचा दिवस आहे. कडेवरच्या मुलासाठी ती हिरवी टेकडी, ओला दगड आणि ढग आहेत. तेवढे त्याला पुरे. इतिहास तो पुढे वाचेल, आधी त्या जागेची ओढ लागू द्या.

हिवाळा

दिवाळीची सुट्टी आणि कापसाची वेचणी जवळजवळ बरोबरच येतात. सरकी आणि कापूस वेगळा करण्याचा खेळ वर सांगितलाच आहे. ज्वारीच्या वाळलेल्या चिपाडांची बैलगाडी मोठ्या भावंडांनी करून द्यावी. केळीच्या पानाचे शिरेच्या रेषेत पट्टे फाडायला द्यावेत. २०१६ साली जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळाले, पण आपल्या मुलाला केळीचा घड, त्यातली फणी आणि फणीतले एक केळे हे दाखवले का? एक आणि अनेक ही कल्पना इतक्या सोप्या रीतीने दुसरीकडे सापडत नाही.

भरिताची वांगी भाजताना मुलाला चुलीपासून दूर, पण वास येईल इतक्या अंतरावर बसवावे. आधी हिरवे होते, मग काळे झाले, साल काढल्यावर आत मऊ निघाले. रंग, वास आणि चव एकाच ताटात! सकाळच्या कोवळ्या उन्हात स्वतःची सावली पकडण्याचा खेळ घ्यावा. जळगावकरांनी मेहरूण तलावावर आणि भुसावळकरांनी हतनूर धरणाकडे एखादा रविवार काढावा. हिवाळ्यात तेथे पाणपक्षी येतात. त्यांची नावे सांगण्याची गरज नाही. "उडाला", "बसला", "बुडी मारली" ही क्रियापदे पुष्कळ झाली.

काही पथ्ये

अ) कापूस निवडताना व दाणे खेळताना मोठे माणूस जवळ हवेच. शेंगदाणे, हरभरे, सरकी, बोराच्या बिया घशात किंवा नाकात अडकू शकतात. तीन वर्षांखालील मुलाला त्या देऊन उठून जाऊ नये.

आ) बादलीभर पाण्याजवळ मुलाला क्षणभरही एकटे सोडू नये. विहीर व नदी यांबद्दल सांगायलाच नको.

इ) गुंजा दिसायला सुंदर, पण विषारी असतात. एरंडाच्या बिया, धोत्रा व कण्हेर यांपासूनही मुलांना दूर ठेवावे. दगड-विटा उचलताना विंचवाचे भान असावे.

ई) मोबाईल हातात देऊन मुलाला गप्प करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दिलेल्या सूचनांनुसार एक वर्षाच्या मुलाला पडद्यापुढे बसवूच नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून अधिक नको, कमी तेवढे चांगले.

उ) खेळ दहा मिनिटांत संपला तरी संपू द्यावा. मूल कंटाळले की शिक्षण थांबते.

वेळ कोणाला आहे?

हा प्रश्न खरा आहे. दिवसभर मजुरी करून आलेल्या आईला "मुलाशी खेळा" असे सांगणे मला शोभणार नाही. परंतु वरील यादी पुन्हा पाहावी. त्यातील बहुतेक कामे घरात होतातच. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना, दळण निवडताना मुलाला बाजूला सारण्याऐवजी जवळ बसवावे आणि बोलत राहावे, एवढाच फरक आहे. बोलावे तेही आपल्या घरच्या बोलीत. अहिराणी बोलल्याने मुलाचे मराठी किंवा इंग्रजी बिघडते ही भीती निराधार आहे. ज्या भाषेत आजी गोष्ट सांगते, त्याच भाषेत मूल आधी विचार करायला शिकते.

विद्यार्थ्यांनाही विनंती आहे. मे महिन्याच्या किंवा दिवाळीच्या सुट्टीत आपल्या गल्लीतील चार-पाच लहानग्यांना रोज सकाळी एक तास सभागृहाच्या ओट्यावर जमवावे. माती, पाणी, पाने, गोष्ट एवढेच भांडवल लागते. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी त्यासाठी एक चटई आणि पाण्याचा माठ दिला तरी पुरे.

असो. गेल्या मे महिन्यातील एक प्रसंग सांगून थांबतो. माझी मुलगी भावाला गच्चीवर घेऊन बसली होती. तो ओल्या बोटाने फरशीवर काहीबाही काढीत होता. तिने बोट धरून ३ काढून दाखवला. त्याने तो उलटा काढला. मी दारात उभा होतो. ती हसली आणि म्हणाली, "राहू दे, वाळून जाईल. मग पुन्हा काढ." नंतर माझ्याकडे न पाहताच तिने विचारले, "पप्पा, मला असं का नाही शिकवलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. मी तिच्याजवळ जाऊन बसलो, आणि "चुकलो बेटा" एवढेच म्हणालो. तिला दिलेले मला परत घेता येत नाही. पण हा लेख वाचून एखाद्या घरातील एक जरी फुटपट्टी खाली ठेवली गेली, तर लिहिण्याचे सार्थक झाले असे समजेन.