मृदुफळे आणि खेळाडूंचे स्नायू

टेकडी धावत चढणाऱ्यापेक्षा ती धावत उतरणाऱ्याच्या मांड्या दुसऱ्या दिवशी अधिक दुखतात. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच त्याला शरीराचा भार तोलून धरावा लागतो आणि त्या ओढाताणीत स्नायुतंतूंना सूक्ष्म इजा होते. वेदना एक ते तीन दिवसांत परमावधीस पोहोचते. स्नायूंचे बळही तोवर घटलेले असते. लागोपाठ सामने खेळावयाचे असल्यास हे बळ केव्हा परत येते, हा खेळाडूपुढील मोठाच प्रश्न होय.

या कामी मृदुफळांचे साहाय्य होते काय, याचा शोध चालू आहे. मृदुफळात कठीण आठळी नसते. बिया गरातच असतात. ब्लूबेरी व ब्लॅककरंट ही अशी फळे होत. (स्ट्रॉबेरी, नाव काहीही असो, वनस्पतिशास्त्राच्या या व्याख्येत बसत नाही.) त्यांचा निळा-जांभळा रंग अँथोसायनिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो.

न्यूझीलंडमधील संशोधकांनी 2012 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात 10 स्त्रियांच्या मांडीच्या स्नायूंना अशाच ताणाचे 300 हिसके दिले. एका खेपेस त्यांना व्यायामाच्या आधी व नंतर ब्लूबेरीचे पेय दिले. दुसऱ्या खेपेस तितक्याच ऑक्सिडीकरणरोधक शक्तीचे, परंतु ब्लूबेरीविरहित पेय दिले. ब्लूबेरी घेतली असता बळ अधिक वेगाने परतले. दहा व्यक्तींवरून सार्वत्रिक नियम बांधता येत नाही. परंतु दोन्ही पेयांची ऑक्सिडीकरणरोधक शक्ती सारखीच असल्याने, केवळ त्या शक्तीमुळे लाभ होतो हे प्रचलित स्पष्टीकरण येथे अपुरे पडते.

मग फळांऐवजी जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेतल्या तर? जर्मनीतील 2009 सालच्या एका अभ्यासात तरुणांना चार आठवडे व्यायामाबरोबर रोज 1000 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व व 400 एकके 'ई' जीवनसत्त्व देण्यात आले. व्यायामाने इन्शुलिनला मिळणारा शरीराचा प्रतिसाद सुधारतो. गोळ्या घेणाऱ्यांत ती सुधारणा दिसली नाही. व्यायामात निर्माण होणारी ऑक्सिडीकारक द्रव्ये अपायकारक असली, तरी शरीराला अधिक समर्थ होण्याची सूचनाही तीच देतात, असे यावरून दिसते.

आपल्याकडील करवंदातही अँथोसायनिन आहे. म्हणून ब्लूबेरीचे गुण त्यास आपोआप चिकटविणे योग्य नव्हे. आवळ्याची गोष्ट निराळी. तो आठळीचे फळ असून त्याचे महत्त्व 'क' जीवनसत्त्वामुळे आहे. जेवणात ताजा आवळा असल्यास डाळी व पालेभाज्यांतील लोह अधिक शोषले जाते. लोहाची उणीव असलेल्या धावपटू मुलींना याचा विशेष उपयोग होतो; मात्र जेवणालगत चहा घेतल्यास हे शोषण घटते.