काळजी करणे आणि काळजी घेणे

मराठीत ‘काळजी’ हा शब्द दोन क्रियापदांबरोबर येतो. आपण काळजी करतो आणि काळजी घेतो. भाषांतर करताना मी या शब्दापाशी दर वेळी थांबते, कारण इंग्रजीत या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे शब्द आहेत. आपल्याकडे शब्द एकच असल्यामुळे दोन्ही एकच आहेत असे वाटू लागते. घरात लहान मुले असतील आणि त्यातल्या एकाला दमा, फिट्स, मधुमेह किंवा हृदयाचे दुखणे असेल, तर त्या घरातल्या आईवडिलांना या दोन्हींचा अनुभव रोजच येतो. रात्री तीन वाजता उठून आपण मुलाचा श्वास ऐकतो, ते यातले कोणते? कधी पहिले, कधी दुसरे. ते ओळखता यावे म्हणून आज एका घराकडे पाहू या.

हे घर आहे तमिळनाडूतल्या कुंभकोणमचे. कावेरीकाठचे हे मंदिरांचे गाव तंजावरच्या मराठा राज्यात होते, म्हणून मराठी माणसाला ते अगदीच परके नाही. तिथे सारंगपाणी मंदिरासमोरच्या रस्त्यावरच्या एका लहानशा घरात गणिती श्रीनिवास रामानुजन वाढले. २००३ पासून हे घर त्यांचे स्मारक आहे. रामानुजन यांच्या गणिताबद्दल खूप लिहिले जाते. आपण त्यांच्या आईकडे, कोमलताम्माळ यांच्याकडे पाहू.

आजारी बाळाचे घर

रामानुजन यांचा जन्म २२ डिसेंबर १८८७ चा, आजोळी इरोडला. ते दीड वर्षाचे असताना त्यांना भाऊ झाला, तो तीन महिनेही जगला नाही. त्यानंतर काही महिन्यांतच, डिसेंबर १८८९ मध्ये, दोन वर्षांच्या रामानुजनला देवी आल्या. पुढे १८९१ आणि १८९४ मध्ये आणखी दोन बाळे झाली, तीही वर्षाच्या आत गेली. या तारखा एका ओळीत वाचून होतात. पण क्षणभर त्या आईच्या जागी बसून पाहा. एक पाळणा नुकताच रिकामा झालेला आणि दुसरे लेकरू अंगभर फोडांनी तापलेले.

या रोगाला आपण ‘देवी’ म्हणतो, तमिळमध्ये ‘अम्मै’ म्हणतात, आणि त्या शब्दात आईच आहे. त्या काळी देवी आलेल्या घराच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा लावत, येणेजाणे थांबवत, रोग्याला निंबाच्या पाल्यावर निजवत, थंड पदार्थ देत. रोग बरा करणारे औषध कुणाकडेच नव्हते. होती ती शुश्रूषा: पाला बदलणे, पाणी पाजणे, अंग खाजवू न देणे, शेजारी बसून राहणे. मूल वाचले. चेहऱ्यावर व्रण मात्र जन्मभर राहिले.

(देवीची लस मुंबईत १८०२ सालीच आली होती, आणि १९८० मध्ये जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. लसीकरणाच्या दिवशी बाळ रडते म्हणून तारीख पुढे ढकलणाऱ्यांनी हे दोन आकडे जवळ ठेवावेत.)

तीन वर्षांचा, पण बोलत नाही

हे संकट सरले तोवर दुसरे दिसू लागले. तीन वर्षांचा होत आला तरी मुलगा बोलत नव्हता. आईने वाट पाहत बसण्याऐवजी मुलाला आपल्या वडिलांकडे कांचीपुरमला नेले. तिथे मिळालेल्या सल्ल्याप्रमाणे अक्षराभ्यास सुरू झाला. आजोबांनी त्याचा हात धरून पसरलेल्या तांदळात अक्षरे गिरवून घेतली. हळूहळू तमिळचे १२ स्वर आणि १८ व्यंजने त्याच्या तोंडी आली.

इथे मला थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ‘रामानुजनही उशिरा बोलले, आमचाही बोलेल’ असे म्हणून स्वस्थ बसण्यासाठी ही गोष्ट नाही. तीन वर्षांचे मूल बोलत नसेल, तर आज आधी त्याचे कान तपासतात, कारण ऐकू येत नसेल तर बोलणे येणार कुठून? फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी मोफत होते. पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. नातेवाईक काय म्हणतील या भीतीने तपासणी टाळणे म्हणजे काळजी करणे. अंगणवाडीताईंना पथकाची तारीख विचारणे म्हणजे काळजी घेणे.

पैशाचे आणि मदतीचे

मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे माझे लक्ष घरखर्चाकडे गेल्याशिवाय राहत नाही. वडील साड्यांच्या दुकानात कारकून होते, पगार महिना सुमारे वीस रुपये. आई मंदिरात भजने गाऊन थोडे मिळवीत असे, शिवाय घरात जेवायला-राहायला विद्यार्थी ठेवलेले. १९१० मध्ये रामानुजनवर शस्त्रक्रिया करायची वेळ आली तेव्हा पैसे नव्हते. अखेर एका डॉक्टरांनी ती विनामूल्य केली.

आजारी मुलाच्या घरात मदत मागण्याची लाज फार महाग पडते. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुविकलांगता असलेल्या मुलांसाठी ‘निरामय’ ही एक लाख रुपयांपर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. प्राप्तिकराच्या जुन्या करप्रणालीत दिव्यांग अपत्याच्या खर्चासाठी ७५,००० रुपयांची आणि तीव्र दिव्यांगत्व असल्यास १,२५,००० रुपयांची वजावट मिळते. प्रमाणपत्राच्या रांगेत काढलेली एक दुपार हीसुद्धा सेवाच आहे.

खिडकी

छोटा रामानुजन हट्टी होता. घरातली तांब्या-पितळेची भांडी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ओळीने मांडायचा, आणि हवे ते खायला मिळाले नाही तर चिखलात लोळायचा. आई त्याच्याशी खड्यांचा वाघ-बकरीचा खेळ खेळायची. पण बाहेर खेळायला सोडत नसत. मित्र रस्त्यावर उभे राहत आणि तो खिडकीतून त्यांच्याशी बोलत असे.

ज्या आईने तीन बाळे गमावली तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. तरी विचारायला हवे: आपल्या घरी अशी खिडकी आहे का? दमा असलेल्या मुलाला सहलीला न पाठवणे सोपे आहे. बाईंना भेटून पंप कधी आणि कसा द्यायचा हे समजावणे अवघड आहे. डॉक्टर ‘खेळू द्या’ म्हणाले असतील, तर आपण कुणाच्या भीतीने त्याला बसवून ठेवतो?

ही पकड आपोआप सुटत नाही. रामानुजन इंग्लंडमध्ये असताना आईने त्यांची आणि पत्नी जानकी यांची पत्रे एकमेकांपर्यंत पोहोचू दिली नाहीत, असे चरित्रांत येते. २७ मार्च १९१९ रोजी आजारी रामानुजन मुंबईला बोटीतून उतरले तेव्हा आई घ्यायला आली होती, जानकी नव्हत्या. ज्या मायेने दोन वर्षांच्या लेकराला वाचवले, तीच माया एकतिसाव्या वर्षी आड आली.

घरातले दुसरे मूल

रामानुजन यांना पुढे दोन भाऊ झाले: १८९८ मध्ये लक्ष्मी नरसिंहन आणि १९०५ मध्ये तिरुनारायणन. त्यांच्या बालपणाबद्दल फारच थोडे वाचायला मिळते. जिथे एका मुलावर सगळ्यांचे डोळे खिळलेले असतात, तिथे दुसरे मूल असेच नजरेआड होते.

आपण त्याला काय म्हणतो? ‘तू किती शहाणा, तुझी काही कटकट नाही.’ हे कौतुक वाटते, पण मूल त्यातून शिकते की या घरात मागणे म्हणजे त्रास देणे. मग पोटात दुखले तरी ते सांगत नाही. त्याच्या मनात दोन प्रश्न बहुधा असतात: ‘मलाही होईल का?’ आणि ‘माझ्यामुळे झाले का?’ ते विचारत नाही म्हणून आपण उत्तर देत नाही. त्याने विचारण्याआधीच, साध्या शब्दांत, खरे ते सांगा. आजाराचे नाव सांगा. भांडणात बोललेल्या शब्दामुळे किंवा ढकलण्यामुळे फिट्स किंवा मधुमेह होत नाही, हेही सांगा. औषध आणून देणे, पाणी भरणे अशी लहान मदत त्याने जरूर करावी. पण त्याला पहारेकरी करू नका.

या आठवड्यात एवढे करून पाहा. रोज पंधरा मिनिटे या दुसऱ्या मुलाबरोबर बसा, भावाच्या औषधाचा विषय न काढता. आजारी मुलाजवळ तेवढा वेळ आजीला, काकूला किंवा शेजारच्या मावशींना बसवा, आणि काय पाहायचे, कधी हाक मारायची हे कागदावर लिहून द्या. पहिल्या दिवशी कान सारखे आतल्या खोलीकडेच लागतील. लागू द्या, पण उठू नका. खेळ कोणता हे मुलालाच ठरवू द्या.