विष कुणी घातलं हे ठाऊक असूनही…

प्रश्न : शर्ली जॅक्सन यांची ‘वी हॅव ऑलवेज लिव्ह्ड इन द कॅसल’ ही कादंबरी मी नुकतीच दुसऱ्यांदा वाचली. विष कुणी घातलं ते आधीच ठाऊक होतं, तरी पहिल्यापेक्षा जास्त भीती वाटली. असं का व्हावं?

उत्तर : पहिल्या वेळी तुम्ही खुनी शोधत होतात. दुसऱ्या वेळी ते काम उरलं नाही, म्हणून घरातल्या इतरांकडे लक्ष गेलं. खरी भीती तिथेच आहे. (ज्यांनी ही १९६२ सालची कादंबरी वाचलेली नाही, त्यांनी इथेच थांबावं. रहस्य फोडल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.)

ब्लॅकवुड कुटुंबातली चार माणसं रात्रीच्या जेवणानंतर दगावली. ब्लॅकबेरींवर घालायच्या साखरेत आर्सेनिक होतं. थोरली कॉन्स्टन्स साखर घेत नसे. धाकटी, १२ वर्षांची मेरीकॅट, शिक्षा म्हणून उपाशीपोटी झोपायला पाठवलेली. पोलीस यायच्या आत कॉन्स्टन्सने साखरेचं भांडं घासून ठेवलं. कारण काय, तर त्यात कोळी होता! पहिल्या वाचनात यामुळे तिच्याच भोवती संशय घोटाळतो. दुसऱ्या वाचनात उमगतं, की विष मेरीकॅटने घातलं हे तिला तेव्हाच कळलं होतं. खटला तिने अंगावर घेतला, निर्दोष सुटली, आणि तेव्हापासून बहिणीला रोज रांधून वाढते आहे. सहा वर्षांत दोघींमध्ये हा विषय एकदाही निघालेला नाही. तिची माया आणि तिची लपवाछपवी वेगळी काढताच येत नाही, म्हणून मला ती मेरीकॅटपेक्षाही अस्वस्थ करते.

आणि ज्युलियनकाका! विषातून कसेबसे वाचलेले, त्या एका दिवसाची टिपणं पुन्हा पुन्हा लिहीत बसलेले. मेरीकॅट खटल्याच्या काळात अनाथाश्रमात वारली, असं ते मुलींच्या चुलतभावाला, चार्ल्सला, ठासून सांगतात. ती त्याच खोलीत असते. पहिल्यांदा वाचताना हा म्हातारपणाचा भ्रम वाटतो; दुसऱ्यांदा तेवढी खात्री राहत नाही.

पुन्हा वाचणार असाल, तर उन्हाळी बंगलीतला प्रसंग सावकाश वाचा. मेरीकॅट तिथे मेलेल्या घरच्यांना जेवायला बसलेलं कल्पिते. तिला कधीही शिक्षा होता कामा नये, असं सगळे एकमुखाने म्हणतात. त्या रात्रीआधी घरात काय चालायचं, हे जॅक्सन उलगडून सांगत नाहीत. पण ती माणसं मरायच्याच लायकीची होती, असं पोलिसांना सांगणारी कॉन्स्टन्सच होती, हे त्या प्रसंगाला जोडून पाहा.