‘सद्गुणी’ या शब्दाआडची स्त्री

शास्त्रपाठ : रूथ ३:१-१३, नीतिसूत्रे ३१:१०-३१

मंडळीतील एखादी वयोवृद्ध भगिनी प्रभूमध्ये निजली की अंत्यविधीच्या उपासनेत पुष्कळदा नीतिसूत्रांचा एकतिसावा अध्याय वाचला जातो. उपदेशक तिच्या मायाळू, सोशिक स्वभावाची आठवण करून देतात आणि ‘सद्गुणी स्त्री’ हे शब्द त्या सोशिकपणालाच चिकटून राहतात. तिने वैधव्यात मुले कशी वाढवली, जमिनीच्या तुकड्यासाठी भाऊबंदांशी कशी झुंज दिली, याचा उल्लेख सहसा होत नाही. झालाच तर थोड्या संकोचाने. हा संकोच शास्त्राने शिकवलेला नाही. तो बराचसा आपल्या भाषांतराने शिकवला आहे, असे भाषांतराचे काम करताना मला अनेकदा वाटले आहे.

मूळ हिब्रूत शब्द आहेत ‘एशेत हयिल’. ‘हयिल’ म्हणजे बळ, पराक्रम, संपत्ती, तसेच सैन्यही. फारोचे जे सैन्य समुद्रात बुडाले (निर्गम १४:२८) त्याला हाच शब्द वापरला आहे. देवदूत गिदोनाला पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो (शास्ते ६:१२), तेथेही हाच. सत्तरीच्या ग्रीक भाषांतरकारांनी नीतिसूत्रांत धैर्य दर्शवणारे विशेषण योजले आणि जेरोमने लॅटिनमध्ये सरळ ‘बळकट स्त्री’ असे लिहिले. पुढच्या ओळींची भाषाही रणांगणाला शोभणारी आहे. अकराव्या वचनात पतीला जो लाभ होतो त्याचा हिब्रू शब्द एरवी युद्धातल्या लुटीसाठी येतो. पंधराव्या वचनातले अन्न म्हणजे अक्षरशः शिकार, सिंहाने मारून आणावी तशी. आणि सतराव्या वचनात ती कंबर कसते.

यावर कोणी म्हणेल, ‘त्या बाईला दासी होत्या, शेत होते, जांभळी वस्त्रे होती, आमच्या घरी रोजच्या भाकरीची चिंता. तिचा आम्हाला काय उपयोग?’ प्रश्न रास्त आहे. म्हणूनच रूथकडे वळावे लागते. ‘एशेत हयिल’ हे शब्द जुन्या करारात तीनच ठिकाणी येतात : नीतिसूत्रे १२:४, ३१:१० आणि रूथ ३:११. पहिल्या दोन ठिकाणी कोणाचेही नाव नाही. तिसऱ्या ठिकाणी आहे, आणि ते एका परदेशी, निपुत्रिक, कंगाल विधवेचे आहे. हिब्रू शास्त्राच्या काही जुन्या हस्तलिखितांत नीतिसूत्रे संपताच रूथचे पुस्तक सुरू होते. तसे वाचणाऱ्याच्या मनात ती कविता ताजी असतानाच मवाबातली ही सून बेथलेहेमच्या वाटेला लागते.

तिचे बळ कोणते ते पाहा. नामी स्वतःला ‘मारा’ म्हणजे कडू म्हणवून घेते. तेव्हा सरवा वेचायला जाण्याची गोष्ट रूथच काढते (२:२). सरव्यावर गरिबांचा व परक्यांचा हक्क नियमशास्त्राने मान्य केला होता (लेवीय १९:९, १०), पण शेतात तरण्या परदेशी बाईला धोका होताच. बवाजाला गड्यांना ताकीद द्यावी लागली. संध्याकाळी तिने झोडून काढलेले सातू एफाभर, म्हणजे सुमारे २२ लिटर भरले. पुढे ती रात्री खळ्यावर जाते आणि नामीने सांगितले होते त्यापुढे एक पाऊल टाकते : बवाजाने काय करावे, हे ती स्वतःच सांगते (३:४, ९). हे ऐकल्यावर बवाज तिला ‘एशेत हयिल’ म्हणतो. त्याच बवाजाची ओळख २:१ मध्ये ‘हयिल’ या शब्दानेच झालेली आहे. तेथे भाषांतरे संपत्ती किंवा सामर्थ्य असा अर्थ घेतात आणि रूथपाशी येताच शील. पुरुषाला बळ, स्त्रीला शील, ही वाटणी हिब्रूत नाही.

‘सद्गुणी’ चूक आहे असे मी म्हणणार नाही. बवाज तिच्या निष्ठेचीही वाखाणणी करतो (३:१०). पण एकटा हा शब्द अपुरा पडतो. ‘पराक्रमी’ म्हटले तर हाती तलवार दिसते, ‘खमकी’ म्हटले तर भांडण ऐकू येते. मला ‘कर्तबगार’ जवळचा वाटतो. आपल्या खेड्यांतल्या आजीबाई ‘धीराची बाई’ म्हणतात, तोही वाईट नाही.

येथे पंडिता रमाबाईंची (१८५८-१९२२) आठवण होते. दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती. कडेवर तान्ही मनोरमा. रूथसारखाच दुष्काळ, रूथसारखेच वैधव्य. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात शेकडो निराधार मुली व विधवांचा संसार सांभाळत त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि खेडवळ बाईला कळेल अशा मराठीत अख्खे पवित्र शास्त्र उतरवू लागल्या. १९२१ साली मनोरमाही गेली. हे काम मात्र थांबले नाही. १९२४ साली ते शास्त्र मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. ते छापण्याचे काम तेथल्या स्त्रियांनी केले. आम्हा भाषांतरकारांच्या बैठकीत एखाद्या शब्दावर दिवस खर्ची पडला की मला हे आठवते आणि थोडी लाजही वाटते.

आणखी एक शब्द मराठीत हरवतो. रूथ ३:११ मध्ये ‘गावचे सर्व लोक’ तिला जाणतात असे आपण वाचतो; हिब्रूत आहे ‘माझ्या लोकांची सगळी वेस’. वेशीत वडील बसत, न्याय होई, जमिनीचे व्यवहार ठरत. नीतिसूत्रांतली कविताही वेशीतच संपते; तेथे त्या स्त्रीची कामे तिची प्रशंसा करतात. रूथच्या बाबतीत दुसऱ्याच दिवशी दहा वडील त्या वेशीत बसले आणि तिच्यासाठी राहेल, लेआ व तामार यांच्या नावांनी आशीर्वाद मागण्यात आला.