ओपनिंग बँडच्या ड्रमरचा दिवस

रॉक मैफलींच्या दौऱ्यात मुख्य बँडच्या आधी वाजवणाऱ्या बँडला ओपनिंग बँड म्हणतात. अमेरिका, ब्रिटन आणि युरोपातील काही शे माणसांच्या क्लबांमध्ये या बँडला साधारण अर्धा तास मिळतो. त्या अर्ध्या तासासाठी ड्रमरचा सबंध दिवस जातो. बँडमध्ये सर्वांत जास्त सामान त्याचे असते, मांडायला सर्वांत जास्त वेळ त्यालाच लागतो आणि मंचावरची जागाही तोच सर्वांत जास्त अडवतो. वेळ आणि जागा यांवर हक्क मात्र मुख्य बँडचा असतो. मांडणीत पाच मिनिटे जादा गेली की ती भरून मिळत नाहीत. बँडचे एक गाणे कमी होते. म्हणून या कामात टिकलेले ड्रमर किट मांडणे आणि उतरवणे हेदेखील वादनाइतक्याच निष्ठेने, रियाजाने बसवतात.

दौऱ्याआधीची तयारी

पहिला निर्णय किटच्या आकाराचा. घरी सात-आठ ड्रम आणि तितक्याच झांजा वापरणाऱ्यानेही दौऱ्यावर बास ड्रम, स्नेअर, एक रॅक टॉम आणि एक फ्लोअर टॉम एवढेच न्यावे. सोबत हाय-हॅट, एक राइड आणि एक-दोन क्रॅश. लहान किट लवकर उभे राहते, कमी माइक मागते आणि अरुंद जागेत बसते. त्याने संगीत उणे पडत नाही. १९६३ च्या सुरुवातीला हेलन शपिरोच्या ब्रिटिश दौऱ्यात बीटल्स हा आधी वाजवणारा बँड होता आणि रिंगो स्टार चारच ड्रम वाजवत होता.

दुसरी तयारी खुणांची. प्रत्येक स्टँडवर मेमरी लॉक बसवले की नळी रोज त्याच उंचीवर आणि त्याच कोनात थांबते. किटखाली अंथरायचा गालिचा आपला असावा. त्यावर बास ड्रमचे पाय, हाय-हॅट, स्नेअरचा स्टँड आणि बसायचे स्टूल यांच्या जागा रंगीत चिकटपट्टीने आखून ठेवाव्यात. गालिचा नसेल तर बास ड्रम घासलेल्या लाकडी मंचावर पुढे सरकत राहतो आणि वादकाचे अर्धे लक्ष त्याला मागे ओढण्यात जाते.

तिसरी तयारी सुट्या वस्तूंच्या पिशवीची. दोन ड्रम की, हाय-हॅटचा जादा क्लच, फेल्टचे वॉशर, विंगनट, पेडलची स्प्रिंग आणि बीटर, स्नेअरचे जादा हेड, स्नेअरची तार बांधायची पट्टी, चिकटपट्टी आणि छोटी बॅटरी एवढे तिच्यात असावे. शक्य असेल तर दुसरा स्नेअर ट्यून करून मंचाशेजारी ठेवावा. हेड फाटल्यावर ते बदलण्यात दोन गाणी जातात. स्नेअर बदलायला अर्धे मिनिट पुरते.

गाण्यांची तालीम संपल्यावर घड्याळ लावून मांडणीचीही तालीम करावी. केसमधून काढलेले किट पाच ते सात मिनिटांत उभे राहत नसेल तर मांडणीचा क्रम बदलावा किंवा सामान कमी करावे.

विमानाने जाणाऱ्या बँडचा हिशेब वेगळा. बहुतेक विमान कंपन्यांत इकॉनॉमी वर्गात एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असते आणि स्टँडची एकच पिशवी ती सहज ओलांडते. म्हणून भारतातून परदेशी जाणारे ड्रमर झांजा, स्नेअर आणि पेडल नेतात. उरलेले किट तिथे भाड्याने घेतात किंवा दुसऱ्या बँडचे वापरतात. त्यासाठी आधीच लेखी विचारून घ्यावे. ‘किट मिळेल’ या शब्दांत क्लच, झांजांचे स्टँड आणि स्टूल धरलेले असतात की नाही, हे प्रत्येक आयोजकाचे निराळे असते.

हॉलवर पोहोचणे

टूर मॅनेजरकडून दिवसाचे वेळापत्रक येते. त्याचा नेहमीचा साचा असा: दुपारी मुख्य बँडचे सामान उतरते, चारच्या सुमारास त्यांचा साउंडचेक होतो, साडेपाच-सहाला ओपनिंग बँडची पाळी येते, सातला प्रेक्षकांना दार उघडते, आठला ओपनिंग बँड आणि नऊला मुख्य बँड. साउंडचेकचा क्रम मैफलीच्या उलटा असतो. शेवटी वाजवणारा आधी तपासून घेतो आणि आपले सामान मंचावर तसेच ठेवतो. पहिला वाजवणारा शेवटी तपासतो, कारण त्याचे सामान मंचावर असतानाच दार उघडणार असते.

मुख्य बँड उशिरा आला किंवा त्यांचा साउंडचेक लांबला तर कापली जाते ती ओपनिंग बँडची वेळ. यावर भांडून उपयोग नसतो आणि हक्कही नसतो. आपण वेळेवर पोहोचावे, स्टेज मॅनेजरला भेटून नाव सांगावे, सामान कुठे ठेवायचे ते विचारावे आणि किट मंचाबाहेर कोपऱ्यात उभारायला घ्यावे. मंच मोकळा झाल्याची खूण मिळताच उभे किट चार हातांनी उचलून आत न्यायचे असते.

थंडीच्या दिवसांत सामान आधी आत आणणे जास्तच गरजेचे. रात्रभर गोठलेल्या ट्रेलरमधून निघालेल्या ड्रमच्या हेडचा ताण उबदार हॉलमध्ये बदलत जातो आणि धातूच्या भागांवर दव धरते. ट्यूनिंग करायचे ते ड्रम खोलीच्या तापमानाला आल्यावरच.

जागा बहुधा मुख्य बँडच्या किटपुढे किंवा मंचाच्या एका कडेला मिळते. मागच्या उंच चौथऱ्यावर त्यांचे किट माइकसह सज्ज असते. त्याला आणि त्याच्या वायरींना हात लावू नये. जागा अगदीच अपुरी असेल तर त्यांच्या ड्रमरला किंवा ड्रम टेक्निशियनला विचारावे. सभ्यपणे विचारल्यावर पुष्कळ वेळा दोन फूट जागा मिळते. न विचारता सरकवलेला एक स्टँड मात्र सबंध दौऱ्याचे संबंध बिघडवतो.

साउंडचेक किंवा लाइन चेक

वेळ असेल तर साउंडचेक होतो, नसेल तर फक्त लाइन चेक. साउंडचेकमध्ये बँड एक-दोन गाणी वाजवतो आणि आवाजाचा तोल बसवला जातो. लाइन चेकमध्ये प्रत्येक माइकमधून आवाज येतो आहे एवढेच पाहतात. दोन्हींची सुरुवात ड्रमपासून होते. साउंड इंजिनिअर बास ड्रम मागतो, मग स्नेअर, हाय-हॅट, एकेक टॉम आणि शेवटी सारे किट. मागितले तेवढेच वाजवावे: सारखे अंतर ठेवून, मैफलीत असेल त्याच जोराने, थांबायला सांगेपर्यंत. नवखे ड्रमर इथे हळू वाजवतात आणि मैफलीत दुप्पट जोराने, त्यामुळे लावलेली पातळी निरुपयोगी होते. दुसरा बोलत असताना टॉमवर बोटे फिरवणे ही या व्यवसायातील सर्वांत नकोशी सवय समजली जाते.

मॉनिटरमध्ये, म्हणजे वादकाला ऐकू यावे म्हणून मंचावर ठेवलेल्या स्पीकरमध्ये, काय हवे ते एका वाक्यात सांगता यावे. बास ड्रम, बास गिटार आणि गायकाचा आवाज एवढ्यावर गाणे धरून ठेवता येते. क्लिक ट्रॅक (लय धरून देणारे ठोके) आणि इन-इअर (कानात बसणारे मॉनिटर) वापरणाऱ्या बँडने आपली सामग्री आणि वायरी स्वतः आणाव्यात. पंधरा मिनिटांच्या लाइन चेकमध्ये हॉलच्या माणसाला ती जुळवायला सवड नसते.

थांबण्याचे तास

साउंडचेक आणि वादन यांच्यातले दोन तास दिवसातले सर्वांत फसवे. कंटाळा, फुकटची बिअर आणि रिकामे पोट यांनी याच वेळेत वादन बिघडते. हलके जेवण वादनाच्या दीड-दोन तास आधी उरकावे आणि पाणी थोडे थोडे पीत राहावे. ड्रम वाजवणे हे अंगमेहनतीचे काम आहे, याला मोजमापाचा आधार आहे. ब्लाँडी या बँडचे ड्रमर क्लेम बर्क यांच्यावर चिचेस्टर आणि ग्लॉस्टरशर विद्यापीठांच्या संशोधकांनी अनेक वर्षे निरीक्षणे केली. मैफलीत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी १४० ते १५०, आणि कधी १९० पर्यंत गेल्याचे आढळले. इतके श्रम अंग गरम न करता सुरू केले तर मनगट आणि पाठ दुखावतात.

म्हणून शेवटची वीस मिनिटे सरावाच्या पॅडवर हलके एकेरी-दुहेरी ठोके वाजवावेत आणि खांदे, मनगटे, पोटऱ्या मोकळ्या कराव्यात. ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या बँडमधील मॅक्स वाइनबर्ग यांना हातांच्या दुखण्यापायी अनेक शस्त्रक्रिया करून घ्याव्या लागल्या. बोटांत बधिरपणा किंवा मनगटात टिकून राहणारी वेदना दिसली तर दौरा संपण्याची वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

अर्धा तास

तीस मिनिटांच्या वेळेत सव्वीस-सत्तावीस मिनिटांचीच गाणी बसवावीत. सुरुवात उशिरा झाली तर कोणते गाणे गाळायचे हे आधी ठरलेले असावे आणि गाण्यांच्या यादीवर तशी खूण असावी. बहुतेक गाणी ड्रमरच्या मोजणीने सुरू होतात, म्हणून दोन गाण्यांमधली पोकळी त्याच्याच हातात असते. समोरच्या घड्याळाकडे त्याने पाहत राहावे. ठरल्या वेळेपेक्षा दोन मिनिटे जास्त वाजवणाऱ्या बँडला पुढच्या दौऱ्यावर बोलावणे कठीण.

उत्तेजनेने लय वाढते. तालमीत सहज वाटणारे गाणे मंचावर बरेच जलद सुरू होते आणि गायकाला शब्द उरकावे लागतात. दिवा लुकलुकणारा छोटा मेट्रोनोम हाय-हॅटजवळ ठेवून प्रत्येक गाण्याआधी चार ठोके पाहिले की हा दोष जातो.

प्रेक्षक दुसऱ्यासाठी आलेले असतात, हे मनाशी पक्के असावे. जिमी हेंड्रिक्सने १९६७ च्या जुलैत मंकीज या बँडच्या दौऱ्यात आधी वाजवले आणि थोड्याच मैफलींनंतर दौरा सोडला. मंकीजच्या कोवळ्या वयाच्या चाहत्यांना तो नको होता. १९८१ च्या ऑक्टोबरात लॉस एंजेलिसमध्ये रोलिंग स्टोन्सच्या आधी आलेल्या प्रिन्सवर प्रेक्षकांनी वस्तू फेकल्या. थंड प्रतिसाद हा वादनाचा निकाल नसतो. अशा वेळी ड्रमरचे काम एवढेच, की लय ढळू द्यायची नाही आणि गाण्यांमध्ये शांतता साचू द्यायची नाही.

कानांची काळजी इथे सर्वांत मोलाची आहे, कारण आतल्या कानाच्या नष्ट झालेल्या संवेदक पेशी पुन्हा येत नाहीत. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास चालतो आणि दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते; म्हणजे १०० डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. ओपनिंग ड्रमर आपल्या अर्ध्या तासानंतर मुख्य बँडचा दीड तासही त्याच हॉलमध्ये असतो, तेव्हा ही मर्यादा तो रोज ओलांडतो. मेटॅलिकाचे लार्स उलरिक यांनी कानात सतत वाजणाऱ्या आवाजाच्या आपल्या त्रासाबद्दल जाहीरपणे सांगितले आहे. फोमचे बोळे वरचे स्वर जास्त अडवतात. वादकांसाठीचे फिल्टर असलेले इअरप्लग सारे स्वर जवळपास सारखेच कमी करतात. ते साउंडचेकपासून सामान भरेपर्यंत कानात असावेत.

किट उतरवणे

शेवटचा ठोका पडताच बदलाची वेळ सुरू होते आणि ती मुख्य बँडची असते. मंचावर बसून विंगनट सोडत राहणे ही नवख्यांची हमखास चूक. झांजा स्टँडसकट, टॉम बास ड्रमसकट, सारे जसेच्या तसे मंचाबाहेर न्यावे आणि तिथे सुटे करावे. बँडमधील प्रत्येकाने काय उचलायचे ते ठरलेले असेल तर मंच तीन मिनिटांत मोकळा होतो. हात मिळवणे आणि फोटो त्यानंतर.

भारतातल्या उघड्या मैदानांवरच्या मैफलींत या शिस्तीला कायद्याचेही कारण आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. कार्यक्रम मागे पडला की आधीच्या बँडची गाणी कापूनच तो सावरला जातो. दुसरीकडे, नीट पार पाडलेला आधीचा प्रयोग दारेही उघडतो. २००७ च्या मार्चमध्ये बंगळूरला आयर्न मेडनच्या आधी वाजवणारा दिल्लीचा परिक्रमा हा बँड त्याच वर्षी ब्रिटनच्या डाउनलोड महोत्सवात वाजवून आला.

नंतरची रात्र

किट केसमध्ये बंद झाल्यावर मुख्य बँड ऐकावा आणि त्यांच्या ड्रमरशी ओळख करावी. १९६८ च्या अखेरीस लेड झेपेलिनने अमेरिकेत पहिल्यांदा वाजवले ते व्हॅनिला फजच्या आधी. व्हॅनिला फजचे ड्रमर कारमाइन अपिस यांनी लुडविग कंपनीकडे जॉन बोनमसाठी शब्द टाकला आणि बोनमला त्या कंपनीचे ड्रम मिळाले.

क्लबांत पहिल्या बँडचे मानधन पुष्कळदा पेट्रोलपुरतेच असते. टी-शर्ट आणि रेकॉर्डच्या विक्रीवर खर्च निघतो. म्हणून बँडमधला कोणीतरी विक्रीच्या टेबलावर हवा. काही हॉल या विक्रीतही वाटा मागतात. तो किती हे दुपारीच विचारून ठेवावे. निघण्यापूर्वी बॅटरी घेऊन मंच, त्यामागची जागा आणि खोली यांवरून शेवटची फेरी मारावी. स्टूल आणि झांजांची पिशवी या सर्वाधिक राहून जाणाऱ्या वस्तू. रात्री मुक्काम असेल तर व्हॅनचे मागचे दार भिंतीला लागेल अशी ती उभी करावी आणि झांजा व स्नेअर खोलीत न्यावेत.

शेवटचा प्रश्न गाडी कोण चालवणार हा. लहान बँडकडे स्वतंत्र चालक नसतो आणि पुढचे गाव शेकडो किलोमीटरवर असते. २००३ च्या जुलैत पोर्टलंडचा एक्सप्लोडिंग हार्ट्स हा बँड सॅन फ्रान्सिस्कोहून परतताना ओरेगनमध्ये त्यांची व्हॅन उलटली आणि ड्रमर जेरेमी गेजसह तिघे तरुण वादक गेले. अर्धा तास घाम गाळलेल्या, दिवसभर ओझी उचललेल्या माणसाने मध्यरात्रीनंतर स्टिअरिंग हाती घेऊ नये. रात्री कोणी गाडी चालवायची हे संध्याकाळीच ठरवावे, त्या माणसाने मद्य घेऊ नये, आणि कोणीच ताजेतवाने नसेल तर मुक्काम करून सकाळी निघावे. मुक्कामाचा खर्च दौऱ्याच्या हिशेबात पहिल्या दिवसापासून धरलेला असावा.