कार्डाने स्वतःचं अंतर ठरवू नये

मराठी शीर्षकाची मात्रा कापली गेली तर शब्दच बदलतो. 'कवी'ची वेलांटी वरून छाटली की 'कवा' उरतो, 'अंक'वरचा अनुस्वार गेला की 'अक'. एका मराठी मासिकाच्या संकेतस्थळाची देखभाल माझ्याकडे आली, तेव्हा त्यांच्या दिवाळी अंकाच्या पानावर फोनमध्ये शीर्षकं अशीच दिसत होती. लेखक संपादकांना फोन करून विचारत होते. स्वतःच्या कथेचं नाव चुकीचं छापलेलं पाहणं कोणत्याही लेखकाला बोचतं. पडद्यावरही ते तितकंच बोचतं.

कारण सापडायला वेळ लागला, कारण ते एका जागी नव्हतंच. लेखाच्या कार्डावर शीर्षक दोन ओळींपुरतं मर्यादित ठेवलं होतं. पुढचा मजकूर लपावा म्हणून तिथे 'ओव्हरफ्लो: हिडन' होतं. त्यात गैर काही नाही, ती नेहमीची पद्धत आहे. दुसरा नियम फाइलमध्ये फार खाली होता. कधीतरी एका जाहिरातीच्या पट्टीत मथळा बसावा म्हणून 'बॉक्स' या क्लासमधल्या प्रत्येक मथळ्याची लाइन-हाइट १ केली गेली होती. लेखाचं कार्डही 'बॉक्स'मध्येच मांडलेलं होतं. नुसती लाइन-हाइट कमी असती तर वेलांटी ओळीच्या चौकटीबाहेर गेली असती, पण दिसली असती. नुसतं ओव्हरफ्लो लपवलं असतं आणि ओळीला उंची पुरेशी असती, तरीही काही बिघडलं नसतं. दोन्ही एकत्र आले आणि पहिल्या ओळीच्या वेलांट्या, शेवटच्या ओळीचे उकार गेले. इंग्रजी शीर्षकं मात्र धडधाकट होती, म्हणून चाचणीत कोणाच्या नजरेला हे आलं नाही.

एक 'इम्पॉर्टंट' लावून हे मिटवता आलं असतं. फाइलमध्ये आधीच असे डझनावारी इम्पॉर्टंट होते, प्रत्येक कुठल्या ना कुठल्या घाईतला. पण मला रोग दिसला तो वेगळा. त्या संकेतस्थळावर जवळपास सारखं दिसणारं कार्ड मुख्य पानासाठी एका नावाने, लेखकाच्या पानासाठी दुसऱ्या, शोधाच्या पानासाठी तिसऱ्या नावाने लिहिलेलं होतं. प्रत्येक कार्ड आपलं बाहेरचं मार्जिन स्वतःबरोबर घेऊन फिरत होतं. ते दुसऱ्या पानावर नेलं की अंतर बिघडायचं आणि त्या पानापुरता एक नवा नियम जन्माला यायचा.

हा दोष एखाद्या माणसाच्या आळसाचा नाही, तो सीएसएसच्या जन्मापासूनचा आहे. हॉकॉन विउम ली यांनी १९९४ मध्ये सर्नमध्ये असताना ही कल्पना मांडली, बर्ट बॉस त्यांना येऊन मिळाले, आणि डिसेंबर १९९६ मध्ये पहिली आवृत्ती अधिकृत झाली. तेव्हा डोळ्यांसमोर होता तो दस्तऐवज: मथळे, परिच्छेद, याद्या, दुवे. संपूर्ण दस्तऐवजाला एक शैली द्यायची असेल तर सगळी नावं सगळीकडे लागू होणं हा गुणच. पण पान दहा वेगवेगळ्या तुकड्यांनी बनायला लागलं, ते तुकडे वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या वर्षी लिहायला सुरुवात केली, आणि तोच गुण अंगावर आला. २००९ मध्ये निकोल सुलिव्हन यांनी 'ऑब्जेक्ट ओरिएंटेड सीएसएस' या नावाने दोन सूत्रं मांडली. रचना आणि रंगरूप वेगळं ठेवा. आणि आतली वस्तू ती कुठे ठेवली आहे यावर अवलंबून ठेवू नका. त्यानंतर बेम आलं, २०११ मध्ये बूटस्ट्रॅप आलं, २०१७ मध्ये टेलविंड आलं. साधनं बदलत गेली. सुलिव्हन यांचं दुसरं सूत्र मात्र मी आजही प्रत्येक नव्या सहकाऱ्याला पहिल्या दिवशी सांगतो, कारण ते ज्याने पाळलं त्याला इम्पॉर्टंटची गरज क्वचितच पडते.

ते सूत्र रोजच्या कामात आणायचं तर एकच नियम पुरतो: कोणत्याही घटकावर बाहेरचं मार्जिन लिहायचं नाही. कार्डाला आपलं पॅडिंग, आपली किनार, आपला रंग ठरवू द्या. शेजाऱ्यापासून किती लांब राहायचं हे त्याला धरून ठेवणाऱ्या पालकाने ठरवायचं. पंगतीत पाटांमधलं अंतर पाट मांडणारा ठरवतो, जेवायला बसणारा नाही, तसंच हे.

हा नियम का हवा याला तांत्रिक कारण आहे, आणि ते माहीत नसल्यामुळे लोक तासन् तास घालवतात. साध्या प्रवाहात एकाखाली एक असलेल्या दोन घटकांची उभी मार्जिनं एकमेकांत विरघळतात. वरच्याचं खालून २० पिक्सेल आणि खालच्याचं वरून २० पिक्सेल असेल तर प्रत्यक्ष अंतर २० च पडतं. तीच दोन कार्डं ग्रिडमध्ये किंवा फ्लेक्समध्ये ठेवली की मार्जिनं विरघळत नाहीत आणि अंतर ४० होतं. कार्ड तेच, नियम तोच, पान वेगळं. मग कोणीतरी एका पानासाठी मार्जिन अर्धं करतं आणि तिथून गुंता सुरू होतो.

पालकाने अंतर ठरवायचं तर पालकांचे नमुने ठरलेले हवेत. फार लागत नाहीत. हेडन पिकरिंग आणि अँडी बेल यांच्या 'एव्हरी लेआउट'मध्ये (२०१९) त्यांची चांगली मांडणी आहे आणि आमच्या कामात त्यातले चार जवळपास सगळं पेलतात.

पहिला स्टॅक, म्हणजे एकाखाली एक रचलेल्या गोष्टी. सगळ्या मुलांची उभी मार्जिनं शून्य करायची आणि ज्या मुलाच्या आधी दुसरं मूल आहे, फक्त त्यालाच वरून अंतर द्यायचं. पिकरिंग यांनी २०१४ मध्ये मांडलेला, दोन ताऱ्यांच्या मध्ये अधिकचं चिन्ह असलेला सिलेक्टर यासाठीच आहे. त्याने पहिल्याच्या वर आणि शेवटच्याच्या खाली उगाच मोकळी जागा राहत नाही. आता फ्लेक्समध्ये 'गॅप' सगळ्या प्रमुख ब्राउझरांत चालतो, सफारीतही २०२१ पासून, त्यामुळे नवं काम असेल तर मी थेट गॅप वापरतो. लेखाच्या आतल्या मजकुराला मात्र ताऱ्यांचा मार्गच बरा. तिथे मथळ्याच्या वर जास्त आणि खाली कमी अंतर लागतं आणि गॅप सगळीकडे सारखाच पडतो.

दुसरा क्लस्टर: विषयांच्या खुणा, बटणं, लेखकांची नावं, जी ओळीत बसतील तेवढी बसतात आणि उरलेली खाली उतरतात. यावर विशेष बोलण्यासारखं काही नाही. फ्लेक्स, रॅप आणि गॅप, झालं.

तिसरा साइडबार. एक अरुंद पट्टी आणि एक रुंद मजकूर, जागा अपुरी झाली की एकाखाली एक. रुंद बाजूला खूप मोठा फ्लेक्स-ग्रो आणि किमान निम्मी रुंदी दिली की ब्रेकपॉइंट न लिहिताच ते आपोआप मोडतं.

चौथी ग्रिड, आणि इथे मराठीसाठी थोडं थांबायला हवं. ग्रिड २०१७ च्या मार्चमध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत आली आणि 'ऑटो-फिट'बरोबर 'मिनमॅक्स' वापरून मीडिया क्वेरीशिवाय स्तंभांची संख्या आपोआप ठरवता येऊ लागली. पण स्तंभांची संख्या पक्की करून त्यांना नुसतं 'वन एफआर' दिलं तर स्तंभ आतल्या सगळ्यात लांब शब्दापेक्षा अरुंद व्हायला तयार नसतो. आपल्याकडे 'स्वातंत्र्योत्तरकालीन' किंवा 'लोकसाहित्यविषयक' असे शब्द शीर्षकात सहज येतात. मोठ्या टायपातला असा एक शब्द फोनवर सगळं पान उजवीकडे ढकलतो आणि वाचकाला आडवं सरकवत बसावं लागतं. उपाय सोपा आहे: मिनमॅक्समध्ये किमान माप शून्य द्या आणि शीर्षकावर 'ओव्हरफ्लो-रॅप: एनीव्हेअर' ठेवा. पण हा उपाय नमुन्यातच हवा. पानापानावर लावत बसलात तर एक पान सुटणार.

देवनागरीच्या बाकीच्या गरजांचंही तेच. ओळीची उंची एककाशिवाय लिहा, मजकुराला १.६ च्या आसपास, शीर्षकाला १.४ पेक्षा कमी नको. लेटर-स्पेसिंगला हात लावू नका, शिरोरेषा तुटते आणि शब्द विखुरलेला दिसतो. परदेशी टेम्प्लेटं मथळ्यांना हे अंतर हमखास देतात, ते काढून टाका. मजकुराची रुंदी 'सीएच' या एककात मोजण्याची शिफारस इंग्रजी मार्गदर्शनात सापडते, पण ते एकक शून्य या आकड्याच्या रुंदीवरून ठरतं आणि आपल्या अक्षरांचा त्याच्याशी भरवशाचा संबंध नाही. रेममध्ये मोजा आणि डोळ्यांनी तपासा. पानावर भाषा मराठी असल्याची खूण घाला. ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श दिलेले आहेत, ते त्या खुणेवरूनच ती वळणं वापरतात. आणि मजकूर असलेल्या कशालाही पक्की उंची देऊ नका. सुगमतेची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की वाचकाने स्वतः ओळीची उंची टायपाच्या दीडपट केली तरी मजकूर हरवता कामा नये. पक्क्या उंचीचं कार्ड ही परीक्षा सहज नापास होतं.

मीडिया क्वेरीबद्दल माझं मत थोडं कठोर आहे. ती पडद्याची रुंदी बघते, कार्डाला मिळालेली जागा बघत नाही. त्यामुळे रुंद पडद्यावरच्या अरुंद पट्टीत ठेवलेलं कार्ड स्वतःला प्रशस्त समजतं आणि चित्राशेजारी शीर्षकाचा चिंचोळा स्तंभ करून बसतं. कंटेनर क्वेरीने हा प्रश्न सोडवला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये फायरफॉक्सनेही ती घेतल्यावर ती तिन्ही प्रमुख ब्राउझरांत मिळू लागली. नव्या कार्डाच्या आतली मांडणी मीडिया क्वेरीवर लिहायचं आता कारण उरलेलं नाही.

जुनं संकेतस्थळ हातात असेल तर सगळं पाडून नव्याने लिहू नका. अंक निघत राहतात, वाचक येत राहतात, आणि पुनर्लेखन अर्ध्यावर राहिलं की दोन फाइली सांभाळाव्या लागतात. आम्ही कॅस्केड लेयरचा आधार घेतला. २०२२ पासून त्या सगळीकडे चालतात. जुनी फाइल सगळ्यात आधीच्या लेयरमध्ये टाकली, नवे नमुने नंतरच्या लेयरमध्ये, कारण टक्कर झाली की नंतरचा लेयर जिंकतो. यात दोन खड्डे आहेत. कोणत्याच लेयरमध्ये नसलेले नियम लेयरमधल्या नियमांवर मात करतात, म्हणून जुनी फाइल बाहेर ठेवून फक्त नवी लेयरमध्ये घातली तर नव्याचं काहीच चालणार नाही. दुसरा खड्डा अधिक खोल आहे: इम्पॉर्टंट लावलेल्या नियमांसाठी लेयरचा क्रम उलटा होतो आणि आधीच्या लेयरचा इम्पॉर्टंट जिंकतो. म्हणून जुन्या फाइलमधले इम्पॉर्टंट आधी एकेक करून काढा, पान तपासा, मग पुढे जा.

नमुना कधी करायचा, याचाही एक विवेक आहे. दोन गोष्टी सारख्या दिसतात म्हणून त्या एक होत नाहीत. जाहिरातीची पट्टी आणि लेखाचं कार्ड एकाच क्लासमध्ये घातलं होतं, म्हणूनच त्या दिवाळी अंकाच्या वेलांट्या गेल्या. जाहिरात उद्या बदलेल ती जाहिरातदाराच्या मर्जीने, लेखाचं कार्ड बदलेल ते संपादकाच्या. ज्यांच्या बदलाची कारणं वेगळी, त्यांना वेगळंच राहू द्या, मग काही ओळी दोनदा लिहाव्या लागल्या तरी चालेल. दोघांनाही तोच स्टॅक धरू शकतो. तो सामायिक असायलाच हवा, कारण त्याला आत काय आहे याच्याशी देणंघेणं नसतं. नावं ठेवतानाही हेच. 'मुख्यपान-डावीकडे' असं नाव पुढच्या फेररचनेत खोटं पडतं, 'लेख-कार्ड' हे नाव टिकतं.

आणि नमुना कितीही चांगला असला तरी एचटीएमएलमधला क्रम वाचण्याच्या क्रमाशी जुळता ठेवा. ऑर्डर किंवा ग्रिडने चित्र शीर्षकाच्या वर नेता येतं, पण स्क्रीन रीडर आणि टॅबची कळ मूळ क्रमानेच चालतात.

एवढं वाचून आज काही करायचं असेल, तर एक चाचणी-पान बनवा. त्यावर तुमचे सगळे नमुने मांडा आणि त्यांत 'मूर्तींचं', 'वैशिष्ट्यपूर्ण', 'हृदयस्पर्शी', 'शत्रू' आणि 'स्वातंत्र्योत्तरकालीन' हे शब्द शीर्षक म्हणून घाला. पहिल्यात रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच अक्षरावर येतात, शेवटच्यात लांबी. ते पान ३२० पिक्सेल रुंदीवर उघडा, टायप दुप्पट करा, आणि प्रत्येक बदल लाइव्ह करण्याआधी तिथे एकदा नजर टाका. संपादकांनाही ते पान दाखवा. कापलेली मात्रा त्यांना आपल्यापेक्षा आधी दिसते.